सातव्या थराची टोपली

खापराचे दोन तुकडे एकमेकांत बसले आणि मी चक्क हसले. हसण्यासारखंच होतं. वर्षभर विभागाच्या त्या कुबट कोठीत बसून मी साडेचार हजार तुकडे हाताळले, त्यांची जाडी मोजली, काठांची चित्रं काढली, आणि एकाचाही दुसऱ्याशी जोड लागला नव्हता. आज मंगळवारी, दुपारी सव्वातीनला, डाव्या हातातला तुकडा उजव्या हातातल्याला सहज टेकवला आणि मधली फट नाहीशी झाली. तांबड्या भांड्याचा काठ, साधारण तळहाताएवढा. त्यावरची पांढरी रेघ एका तुकड्यावरून निघून दुसऱ्यावर न अडखळता गेली. नख फिरवून पाहिलं तर नख कुठे अडकेना. दाराशी बसलेल्या कोठीवाल्या काकांनी थर्मासचं झाकण पुसता पुसता विचारलं, "काय बाई, एकट्याच हसताय?" मी म्हटलं, "जोड लागला, काका." "चला, कुणाचं तरी जमलं," ते म्हणाले आणि परत झाकण पुसायला लागले. जोड लागला की त्याची नोंद करायची असते, म्हणून मी दोन्ही तुकडे उलटे केले. उजव्याच्या पाठीवर शाईने तीन लिहिलेला होता. डाव्याच्या पाठीवर सात.

माझं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कारण ते आवरायचं सुचलं नाही. तीन म्हणजे तिसरा थर आणि सात म्हणजे सातवा. जमीन खणत खाली जावं तसे थर जुने होत जातात. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे मी एकदा रद्दीच्या गठ्ठ्यावरून समजावून सांगितलं होतं, की सर्वांत खालचा पेपर सर्वांत जुना. त्यांनी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे कागदाचं उदाहरण त्यांना लगेच पटलं आणि लगेच शंकाही आली: "आणि वरचा पेपर कुणी काढून खाली खुपसला तर?" तर घोटाळा, मी म्हटलं होतं. आमच्या उत्खननाच्या त्या टेकाडावर तिसऱ्या आणि सातव्या थरात दोन पुरुष खोलीचं आणि चारशे वर्षांचं अंतर होतं. एकाच भांड्याचे तुकडे चारशे वर्षांच्या अंतराने मातीत जात नाहीत. उंदीर असतात, मान्य. उंदीर बिळातून तुकडे खाली नेतात, नंतरचे लोक खड्डे खणतात, आणि माझ्यासारखी अडलेली माणसं प्रबंधात उंदरांच्या नावावर काहीही खपवतात. मी क्षणभर उंदरांनाही हाका मारून पाहिल्या. पण कड ताजी होती. जुन्या फुटीची कड मातीने काळवंडते, झिजते. ही आतून लाल, स्वच्छ, धारदार होती, म्हणजे तो काठ उत्खननाच्या दिवशीच, कुदळीच्या घावाने फुटला होता. एका घावात फुटलेले दोन तुकडे एकाच टोपलीत गेले असणार, फार तर त्याच थराच्या शेजारच्या टोपलीत. त्यांतल्या एकावर सात यायचं काही कारण नव्हतं. एकच कारण होतं, आणि ते मला एकवीस वर्षं माहीत होतं.

तसं पाहिलं तर तिसऱ्या आणि सातव्या थराचे ट्रे एका टेबलावर कधी आलेच नसते. प्रत्येक थराच्या पेट्या वेगळ्या कपाटात, एक काढायची, बघायची, परत ठेवायची, मग दुसरी. पण सकाळी कुठल्याशा परीक्षेसाठी कोठीतलं एक टेबल उचलून नेलं होतं आणि मी कुरकुर करत दोन्ही ट्रे एकाच टेबलावर कोंबले होते. कुणी टेबल नेलं नसतं तर मी सहा आठवड्यांनी प्रबंध दिला असता, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मी त्या घेतल्याही असत्या. हे असं मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली. तरी दोन मिनिटं मी त्या टेबल नेणाऱ्यांवरच चिडून बसले होते.

दोन्ही आकडे एकाच हातचे होते. सातची शेपटी जरा लांब, तीनचं पोट गोल, आणि सगळं इतकं बारीक की भिंगाशिवाय नीट वाचता येऊ नये. माझ्या नवऱ्याचं अक्षर. तेव्हा तो नवरा नव्हता; उत्खननावर माझ्या दोन वर्षं पुढे होता, तिथल्या भांड्यांवर स्वतःचा प्रबंध लिहीत होता, आणि धुऊन वाळवलेल्या प्रत्येक तुकड्यावर थराचा आकडा घालायचं किचकट काम उत्खननाच्या प्रमुखांनी, आमच्या मोठ्या सरांनी, त्याच्या गळ्यात मारलं होतं, कारण बाकी कुणाचा हात इतका स्थिर नव्हता. खापर शाई पिऊन टाकतं, म्हणून आधी नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशचा एक थेंब द्यायचा, तो वाळला की त्यावर टाकाने आकडा, आणि तो वाळला की वरून परत पॉलिश. जवळच्या गावातल्या दुकानातून तो एका वेळी डझनभर बाटल्या आणायचा आणि दुकानदारीण त्याला विचारायची, "बायका आहेत तरी किती तुम्हाला?" उत्खननावर सगळे त्याला नेलपॉलिशच म्हणायचे. लग्नानंतर कित्येक महिने मला त्याच्या बोटांना तोच वास येतोय असं वाटायचं, आणि तो म्हणायचा, तुझं नाक तिथेच पुरून आलीस तू. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. माणूस गेल्यावर लोकांकडे पत्रं राहतात, कपडे राहतात. माझ्याकडे हे हजारो आकडे राहिले, आणि खरं सांगायचं तर प्रबंधाच्या निमित्ताने मी रोज त्याच्याजवळ जाऊन बसत होते. भिंगाखाली तुकडा धरला की टाक कुठे टेकला, कुठे उचलला ते दिसायचं. एका पाचवर त्याच्या अंगठ्याचा अर्धा ठसा पॉलिशमध्ये तसाच राहिला आहे. त्या तुकड्याची जाडी मी बहुधा दहा वेळा मोजली असेल.

एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी उत्खननावर वारा सुटला होता. धुतलेली खापरं पॉटरी यार्डात, म्हणजे सुतळीने चौकोन आखलेल्या मोकळ्या जागेत, चटयांवर वाळत घातलेली असायची. दर चटईवर एका टोपलीतला माल, आणि त्या टोपलीची चिठ्ठी चटईच्या कोपऱ्यावर, दगडाखाली. कुठला खड्डा, कुठला थर, कुठली तारीख, सगळं त्या चिठ्ठीवर. खापर गेलं तर एक खापर गेलं, चिठ्ठी गेली तर टोपली गेली, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी बावीस वर्षांची होते आणि मला यार्डावर राखण बसवलं होतं. नेलपॉलिशला मोठ्या सरांनी तंबूत नकाशा धरायला बोलावलं होतं. चिठ्ठ्या दमट झाल्या होत्या, म्हणून मी अकराही चटयांवरचे दगड काढले आणि चिठ्ठ्या उन्हात उलट्या करून ठेवल्या; सुकल्या की एकदम वहीत उतरवू, मग परत दगड ठेवू, असा माझा शहाणा बेत. मग तो तंबूतून बाहेर पडलेला दिसला. हातात चहाचे दोन पेले. कुणीतरी हाक मारली म्हणून तो पाठमोरा होऊन बोलत उभा राहिला, आणि मी उठले, केस नीट केले, त्याच्या दिशेने चार पावलं पुढे गेले. चारच. मागे फडफड झाली आणि वळून बघते तर चिठ्ठ्या यार्डभर पळताहेत. मी धावून अकराच्या अकरा पकडल्या, एक तर पायाखाली दाबून. नवांची खात्री होती, कुठल्या चटईवर काय आहे ते सकाळपासून बघत होते. उरलेल्या दोन चटयांवर सारखाच तांबडा माल, वर क्षारांचं पांढुरकं पुट, आणि उरलेल्या दोन चिठ्ठ्यांवर तीन आणि सात. मी एक इकडे ठेवली, एक तिकडे ठेवली, वर दगड ठेवले.

अशी शंका आली तर करायचं काय हेही ठरलेलं असतं. चिठ्ठीवर 'मिश्र' लिहायचं आणि टोपली बाजूला काढायची. एक शब्द. लाज वाटण्यासारखंही त्यात काही नाही, दर उत्खननात अशा दोनचार टोपल्या निघतात. पण मिश्र लिहिलं असतं तर त्याला मोठ्या सरांकडे जावं लागलं असतं, सरांनी दहा प्रश्न विचारले असते, चहा गार झाला असता, आणि तो माझ्याजवळ बसला नसता. तो आला, पेला माझ्या हातात देत म्हणाला, "सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक." मग तो टाक काढून बसला. मी एकेक तुकडा देत गेले, तो सात, सात, सात असं घालत गेला, आणि मान वर न करता म्हणाला, "आपण लग्न करू या का?" मी म्हटलं, "आधी तो सात पुरा कर." त्याचा हात हलला नाही, पण कान लाल झाले. आयुष्यातली सर्वांत सुखाची दुपार कुठली असं मला कुणी विचारलं असतं तर मी हीच सांगितली असती. कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

पंधरा दिवसांनी त्याने सातच्या तुकड्यांवरचं पुट काढलं आणि खाली पांढऱ्या रेघा निघाल्या. अशा रेघांची भांडी तिसऱ्या थराच्या आधी कुणी पाहिलेली नव्हती. तो ओल्या बाह्यांनी धावत आला. "चारशे वर्षं आधी! अगं, चारशे!" सांगायची ती वेळ होती. तेव्हाच, किंवा दुसऱ्या दिवशी, किंवा फार तर आठवड्याने. पण उशीर एकदा झाला की माणूस आणखी उशीर करतो, कारण आता उशिराचंही कारण द्यावं लागणार असतं. मी स्वतःला पटवलं की शंभरात पन्नास शक्यता आहे, चिठ्ठ्या कदाचित बरोबरही पडल्या असतील. त्या पन्नासावर मी लग्न केलं, संसार केला, त्याच्याशेजारी अठरा वर्षं झोपले.

त्याने लेख लिहिला, तो छापून आला, आणि एका चर्चासत्रात त्याला बोलायला बोलावलं. मी तिसऱ्या रांगेत होते. तो वीस मिनिटं छान बोलला. मग मोठे सर उठले. त्यांच्याच उत्खननातला माल, त्यांच्याच हाताखालचा मुलगा, आणि त्यांच्या सगळ्या पुस्तकांच्या विरुद्ध जाणारा. म्हणाले, "बाळा, थर वाचायला डोळे लागतात, ते तुला आहेत. पण आकडे घालताना माणूस शुद्धीवरही असावा लागतो. ऐकतो की त्याच दुपारी तुमचं लग्न ठरलं." सभागृह हसलं. आमच्या लग्नाची गोष्ट तोवर सगळ्यांना पाठ झाली होती, आम्हीच कौतुकाने सांगत फिरलो होतो. तो व्यासपीठावर उभा होता, हातात पाण्याचा ग्लास, आणि इतकंच म्हणाला, "सर, चिठ्ठीवर होतं तेच मी लिहिलं आहे. एकही आकडा चुकीचा घातलेला नाही." तेव्हा उठायचं होतं मी. तिसऱ्या रांगेतून उठून दोन वाक्यं. माझे पाय जमिनीला होते, मी त्यांच्याकडे बघत होते, ते उठले नाहीत. पुढे लोक म्हणायला लागले की नावासाठी पोराने मुद्दामच केलं असेल. प्रबंध त्याने दिलाच नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढायची नोकरी धरली, आणि तिथेही जमिनीखालचंच काम मिळालं म्हणून हसायचा. कडवट झाला नाही तो. तो कडवट झाला असता तर मला सोपं गेलं असतं, असं मला आता वाटतं. वर्षातून एकदोनदा, जेवताना, कशावरून काहीतरी निघायचं आणि तो घास तसाच ठेवून म्हणायचा, "त्या पेट्या परत उघडून बघायला हव्यात कुणीतरी. मी चुकीचं लिहिलेलं नाही." मी म्हणायची, "हो रे, माहीत आहे मला." वाक्य खरंच होतं ते.

आणि शेवटच्या महिन्यातली ती दुपार. ती मला आठवायची नव्हती, पण हातात ते दोन तुकडे धरून आणखी करणार तरी काय होते. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचा पलंग लावला होता. तो इतका वाळला होता की चादरीखाली माणूस आहे हे समजून घ्यावं लागे. आई टेबलापाशी कुणाचं तरी मुद्रित तपासत होत्या. निवृत्त झाल्या तरी काम घरी मागवून घ्यायच्या. तो छताकडे बघत म्हणाला, "अगं, त्या दिवशी वारा होता का?" कुठला दिवस असं मी विचारलंसुद्धा नाही. खोलीतल्याच नळाखाली पेला धूत होते, त्याच्याकडे पाठ होती. डोक्यात एकच आलं: याच्याजवळ आता काही उरलं नाही, नोकरी नाही, अंगात रक्त नाही, तो शोध तेवढा आहे, चारशे वर्षं आधीचा, त्याचा एकट्याचा. तो काढून घ्यायचा नाही. मी म्हटलं, "नव्हता." जरा वेळाने तो म्हणाला, "मग ठीक आहे." मी पेला पुसून ठेवला आणि औषध आणायला खाली गेले. जिना उतरताना मला हलकं वाटलं होतं. मी त्याला काहीतरी दिलं असं वाटलं होतं.

तो गेल्यावर वर्षभराने मी विद्यापीठात नाव घातलं, त्रेचाळिसाव्या वर्षी, तेविशीच्या मुलांच्या बाकावर. सगळ्यांना सांगितलं की त्याचं अर्धं राहिलेलं पुरं करते. आतलं कारण असं की त्या पन्नासाचा निकाल मला हवा होता, आणि तो आपल्या बाजूने लागणार याबद्दल मला का कोण जाणे खात्री वाटायला लागली होती. आता लागला होता निकाल.

तुकडे कापसात गुंडाळून मी मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान; मी त्यांना मॅडम म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात, त्यामुळे कुणी कुणाला रागवायचं याचा कायम गोंधळ. त्यांनी तुकडे हातात घेतले, जोडले, कड भिंगाखाली धरली आणि खुर्चीतून उठल्याच. "ताई! तुम्ही वीस वर्षांचा वाद मिटवलात!" मी म्हटलं, "चौथं प्रकरण पडलं, सातव्या थरातल्या रेघांचं." "पडू दे की. नवं चौथं या जोडावर उभं करा. आहेत ना सहा आठवडे? मिश्रण कसं झालं ते एका वाक्यात उरका: खुणा करणाऱ्याच्या हातून झालेली चूक. संपलं." मी म्हटलं, "खुणा करणाऱ्याच्या?" त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "मला कळतंय हो, ताई. पण नाव कुठेच घालायचं नाही. नुसतं 'खुणा करणारा'. परीक्षकही मान राखतील." माझा मान राखायला निघाल्या होत्या त्या. मी मान डोलावली, थँक यू म्हटलं, आणि बाहेर आल्यावर व्हरांड्यात बराच वेळ सूचनाफलक वाचत उभी राहिले. हरवलेल्या छत्रीची सूचना होती, ती दोनदा वाचली.

घरापर्यंत चालत गेले. रस्त्यावर कुणीतरी दुकानाची काच धूत होतं, शाळा सुटून पोरांचे घोळके समोरून येत होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडात आपोआप तयार होत होतं. खुणा करणाऱ्याच्या हातून झालेली चूक. लिहायला किती सोपं. मोठ्या सरांनी जे सभागृहात म्हटलं तेच मी त्याच्या बायकोने पुराव्यानिशी म्हणायचं, फक्त सभ्य भाषेत. कुणालाच धक्का बसणार नव्हता. आणि दुसरं वाक्य लिहिलं तर? चिठ्ठी प्रस्तुत लेखिकेने चुकीच्या चटईवर ठेवली. शास्त्राला त्याने काही फरक पडत नव्हता, टोपली दोन्हीकडून बादच होती. फरक एकाच ठिकाणी पडणार होता. माझं प्रत्येक प्रकरण आई तपासतात. आईंना माझ्याशिवाय कुणी नाही, मला आईंशिवाय कुणी नाही, आणि दोन वर्षं आम्ही दोघी एका माणसाच्या बाजूने मिळून उभ्या होतो. जिन्यात मी ठरवलं की आज काही बोलायचं नाही. दुसऱ्या मजल्यावर ठरवलं की उद्या बोलू. हे माझं मला इतकं ओळखीचं होतं की मी कठड्याला धरून थांबले, आणि मग मुकाट्याने वर गेले.

आई टेबलापाशी तिसरं प्रकरण घेऊन बसल्या होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ये. तुझ्या स्वल्पविरामांना काही घरदार आहे की नाही? कुठेही मुक्काम करतात. बरं, बोलली का आज तुझी मडकी?" मी चपला न काढताच समोर बसले. म्हटलं, "आई, जोड लागला. तिसऱ्याचा आणि सातव्याचा." त्यांना समजायला फार वेळ लागला नाही. पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे तो चुकला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे तो म्हातारा बरोबर बोलला होता." मी म्हटलं, "नाही, आई. त्याने चिठ्ठीवर होतं तेच लिहिलं. चिठ्ठी मी ठेवली होती." आणि मग सगळं बोलले. दगड काढले ते, केस नीट केले ते, चार पावलं, अकरा चिठ्ठ्या, त्या दुपारी वारा किती होता, तो सगळं ठीक का म्हणाला आणि मी ठीक म्हटलं ते. एकवीस वर्षांचं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बोलताना मी टेबलाकडे बघत होते.

मग त्या म्हणाल्या, "वारा होता."

"हो."

"तू नव्हता म्हणालीस. मी इथेच बसले होते, याच खुर्चीत."

ते मी सांगितलेलं नव्हतं. तेवढंच एक गाळलं होतं. चौतीस वर्षं दोन प्रती शेजारी धरून कुठे काय गाळलंय तेच बघत आलेल्या बाईंपुढे मी ते गाळलं होतं. मी म्हटलं, "आई, तो इतका आजारी होता. मला वाटलं, त्याचा शोध तरी त्याच्यापाशी राहू दे. शेवटी शेवटी ते तरी. मी त्याच्यासाठीच—"

"तू औषध आणायला खाली गेलीस," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, मजकूर वाचून दाखवताना असायचा तसा. "तेव्हा तो मला म्हणाला, आई, वारा नव्हता. वारा असता तर चिठ्ठ्या हलल्या असतील असं मला वाटत होतं. नव्हता म्हणजे माझाच हात चुकला. एवढी वर्षं मी उगाच सगळ्यांशी भांडलो. मी म्हटलं, असू दे रे राजा, हात कुणाचाही चुकतो. तर म्हणाला, हिला सांगू नकोस. हिला अजून वाटतंय मी बरोबर लिहिलंय."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी ते मोजत बसले, चौथ्यांदा, पाचव्यांदा. शोध नको होता त्याला. शोध कधीच सोडून दिला होता त्याने. त्याला फक्त त्याचा हात परत हवा होता, आणि एका शब्दाने मिळणार होता, आणि तो शब्द माझ्या तोंडात होता. तो सगळं जुळवून अगदी दारापर्यंत आला होता. मला विचारलं त्याने. मी पाठ करून पेला धुतला.

"सांगितलं असतंस तर रडला असता," आई म्हणाल्या. "मग हसला असता. मग मला म्हणाला असता, आई बघ, हिने केस नीट करायला माझं पार वाटोळं केलं. महिनाभर चिडवलं असतं तुला त्याने. होता महिना त्याच्याकडे."

मी म्हटलं, "आई."

त्यांनी तिसऱ्या प्रकरणाचे कागद एकत्र केले, टेबलावर आपटून कडा जुळवल्या, बाजूला ठेवले. एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. "लिही," म्हणाल्या. "आधी त्याचं. मग तुझं." मी लिहिलं: खुणा करणाऱ्याने प्रत्येक आकडा चिठ्ठीप्रमाणे बरोबर घातला आहे. त्याच्याखाली माझं लिहिलं, वाऱ्यासकट. आईंनी कागद घेतला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागल्या, आणि पहिल्याच ओळीत, 'बरोबर'वर, त्यांचा आवाज फुटला. त्यांनी परत सुरुवातीपासून वाचलं, परत तिथेच. मग चष्मा काढून ठेवला. टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही आपापलं रडलो. त्यांनी माझा हात धरला नाही, आणि मीही तो पुढे केला नाही.